शनिवारचे सात प्रश्न

आमच्या घरात हुशार कोण, हा प्रश्न कधी कुणी विचारला नाही. विचारला असता तर सगळ्यांनी एका सुरात भावाचं नाव घेतलं असतं, आणि मीही घेतलं असतं. इतकी ती खात्री घरात मुरलेली होती. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. इंटरला दोनदा बसला आणि दोनदा आपटला, तरी हुशारच. मी पहिल्या झटक्यात मॅट्रिक झाले, तर आई म्हणाली, चला, आता स्थळं बघायला हरकत नाही.

वडील रेल्वेच्या टपालडब्यात सॉर्टर होते. बडनेऱ्याला डब्यात चढायचं, भुसावळपर्यंत चालत्या गाडीत उभं राहून पत्रं खणांत लावायची आणि दुसऱ्या दिवशी तसंच परत यायचं, ही त्यांची नोकरी. तिच्यात अधूनमधून परीक्षा असे. कार्डांवर गावांची नावं लिहिलेली असत. एकेक कार्ड उचलून ते कोणत्या स्टेशनच्या खणात जाईल, हे न अडखळता करून दाखवावं लागे. त्याची तालीम घरी चालायची. आईला वाचता येत नव्हतं आणि भावाला कंटाळा होता, म्हणून कार्डं माझ्या हातात आली. मी म्हणायची, कारंजा. वडील म्हणायचे, मूर्तिजापूर. दारव्हा? मूर्तिजापूर. वाशीम? अकोला. शाळा संपेपर्यंत मला सगळं वऱ्हाड आणि अर्धा खानदेश पाठ झाला होता. पुढे पुढे वडील अडखळले की उत्तर माझ्याच तोंडून निघून जायचं. ते रागवायचे नाहीत, नुसते हसायचे. आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

त्या काळात, म्हणजे आम्ही मध्य प्रदेशातून नुकतेच मुंबई राज्यात गेलो होतो तेव्हा, अमरावतीच्या आमच्या वाचनालयात शनिवारची पाटी सुरू झाली. चिटणीस वकील होते आणि लोक नुसती वर्तमानपत्रं चाळून जातात, पुस्तकाला हात लावत नाहीत, याचा त्यांना राग होता. त्यांनी दिवाणखान्यात तिवईवर एक काळी पाटी उभी केली. शनिवारी संध्याकाळी तिच्यावर सात प्रश्न लिहायचे. सभासदांनी बुधवारपर्यंत उत्तरं कागदावर लिहून लाकडी पेटीत टाकायची. पुढच्या शनिवारी, सातही उत्तरं बरोबर असतील त्याचं नाव पाटीच्या माथ्यावर लिहिलं जाई आणि आठवडाभर तिथं राही. सहा बरोबर आली तर काही नाही. बक्षीस म्हणाल तर एवढंच, की नव्यानं आलेलं पुस्तक त्या माणसानं सगळ्यांच्या आधी घरी न्यायचं.

पण खरी चढाओढ पुस्तकासाठी नव्हतीच. ती नावासाठी होती. कोर्टाच्या व्हरांड्यात, पानाच्या ठेल्यावर, कापसाच्या बाजारात, या आठवड्यात कोन लागलं, याची चर्चा व्हायची. अमुक मास्तर तीनदा लागले. तमुक डॉक्टर मूत्रपिंडाच्या प्रश्नावर चुकले, त्यावर महिनाभर हसणं झालं. पाटीवर नाव आलेला माणूस रस्त्यानं जरा वेगळा चालायचा.

बायकांसाठी वाचनालय बुधवारी दोन ते चार असे, आणि तेही बाजूच्या खिडकीतून. ओट्यावर उभं राहायचं, पुस्तकाचं नाव सांगायचं, आतून पुस्तक यायचं. एका घराला एकच वर्गणी आणि ती रिवाजानं घरातल्या पुरुषाच्या नावावर, म्हणून बायकांचं नाव वहीतही कुठं नसायचं. मी शेजारच्या काकूंबरोबर जायची. काकूंना कथा-कादंबऱ्यांचा भारी नाद होता आणि मला एकटीला पाठवायला आई तयार नव्हती, असं आमचं दोघींचं जुळलं होतं. त्या खिडकीतून पाटी दिसायची, पण तिची पाठ. कोरी, कच्च्या लाकडाची, दोन खिळे ठोकलेली.

एका शनिवारी भाऊ प्रश्न उतरवून घरी आला आणि जेवताना सहज म्हणाला, "सांग बरं, यवतमाळची अन् अचलपूरची, दोन्ही गाड्या कोन्या एका स्टेशनातून सुटतात?" मी भात वाढता वाढता मूर्तिजापूर म्हटलं. त्यानं दुसरा विचारला. पूर्णा कोणत्या नदीला मिळते? मी तापी म्हटलं. मग त्यानं ताट बाजूला सारलं आणि कागद काढला. उरलेल्या पाचांपैकी तीन मला येत होते. दोनांसाठी मी बुधवारी खिडकीतून एक जाडजूड पुस्तक मागितलं, ओट्यावर बसून शोधलं आणि उत्तरं चिठ्ठीवर लिहून त्याला दिली. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्याचं मात्र मोत्यासारखं. त्यानं ती सुरेख उतरवून काढली आणि खाली सही करून पेटीत टाकली.

शनिवारी पाटीवर त्याचं नाव लागलं. आईनं देवापुढं साखर ठेवली. मीही खूश झाले, आणि ती खुशी खरी होती. तेव्हा मला वाटलं, हे आपल्या दोघांचं आहे.

मग ते दीड वर्ष चाललं. शनिवारी प्रश्न यायचे, रविवार-सोमवार मी डोकं घालायची, मंगळवारी दळण-कांडण करताना मनात उलटसुलट करायची आणि बुधवारी ओट्यावर बसून पक्कं करायची. काकू म्हणायच्या, पोरीनं एवढं वाचू नये, डोळे जातात. दर आठवड्याला सातही येत असं नाही, पण महिन्यातून दोनदा तरी भावाचं नाव लागायचंच. नवं पुस्तक तो घरी आणायचा, मित्रांना मिरवायचा, आणि परत करायच्या आदल्या दिवशी ते माझ्या हाती पडायचं. मी ते चुलीपुढं बसून एका बैठकीत संपवायची. त्या दिवशीच्या भाकरी हमखास करपायच्या.

एकदा मी त्याला म्हटलं, एखाद वेळी माझं नाव लिही ना खाली. तो हसला. वर्गणी त्याच्या नावावर, नाव माझं, असं कसं चालेल, म्हणाला. नियम आहे. मला नियम पटला. मला त्या वयात नियम लवकर पटायचे.

पुढं वाचनालयातला म्हातारा कारकून, पेटीतले कागद तपासून पाटी लिहिणारा, गावी निघून गेला आणि जागा रिकामी झाली. चिटणीस म्हणाले, जाहिरात कशाला, ज्याला सगळं ठाऊक आहे तो मुलगा आपल्या समोरच आहे. आयत्या बिळात नागोबा कसा शिरतो ते मी जवळून पाहिलं. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला आनंदच झाला होता. दोनदा नापास झालेला मुलगा नोकरीला लागला, घरावरचं मळभ गेलं. शिवाय त्यानं मला शब्द दिला होता. तो आता सेवक झाला, म्हणजे त्याला भाग घेता येणार नव्हता. त्याची वर्गणी तो माझ्या नावावर करून देणार होता. आणि एवढं मात्र त्यानं केलं. माझं नाव लिहिलेलं निळं कार्ड त्यानं आणून दिलं. मोत्यासारख्या अक्षरात माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मी ते उशीखाली ठेवून झोपले.

मला एकच गोष्ट हवी होती. एक आठवडा, फक्त एक आठवडा, ते नाव पाटीवर असावं. कोर्टातले, बाजारातले, शाळेतल्या माझ्या बाई, सगळ्यांनी ते वाचावं. त्यापुढं काय, याचा मी विचार केला नव्हता.

पहिल्या आठवड्याचे प्रश्न अवघड होते. मी सातही सोडवले. प्रत्येक उत्तर दोन पुस्तकांत ताडून पाहिलं. बुधवारी काकूंना ओट्यावर थांबवून मी दिवाणखान्याच्या दारातून आत गेले, पेटीत कागद टाकला आणि बाहेर आले. टेबलाभोवतीच्या पुरुषांनी वर्तमानपत्रांवरून माझ्याकडे पाहिलं. कुणी अडवलं नाही. माझ्याकडे कार्ड होतं.

शनिवारी संध्याकाळी मी आईला देवळात जाते म्हणून सांगितलं आणि एकटी वाचनालयात गेले. पाटी पहिल्यांदाच समोरून नीट पाहिली. माथ्यावर भावाच्या अक्षरात लिहिलं होतं : या आठवड्यात कोणाचीही सर्व उत्तरे बरोबर आली नाहीत.

मी दोनदा वाचलं. मग खालचे नवे सात प्रश्नही वाचले, कारण नुसतं उभं राहणं बरं दिसलं नसतं.

तो घरी आला तेव्हा मी अंगणातच होते. चूक कोणती ते सांग, एवढंच मला विचारायचं होतं. मी रात्रंदिवस तीच शोधणार होते.

"माया उत्तरात काय चुकलं?" मी विचारलं.

तो चप्पल काढत राहिला. म्हणाला, "काही नाही चुकलं."

"किती बरोबर होती?"

"सात."

"मंग नाव काहून नाही लिवलं?"

"लोक म्हनतीन, भावानंच घरी सांगितली."

"अन् दीड वर्ष बहीन सांगत होती, ते?"

त्यानं झटकन काकूंच्या कुंपणाकडे पाहिलं. "हळू बोल," म्हणाला. तेव्हा मला समजलं. लोक काय म्हणतील याची त्याला भीती नव्हतीच. लोक काय ओळखतील याची होती. माझं नाव एकदा पाटीवर लागलं, मग पुन्हा लागलं, की एखादा वकील नक्की म्हणणार, अरे, हे डोकं तर त्या घरात आधीपासून आहे. माझ्या एका नावानं त्याची सगळी नावं पुसली गेली असती.

पुढच्या शनिवारी पाटीशेजारी एक कागद डकवला गेला. वाचनालयाच्या सेवकांच्या घरच्या मंडळींना या उपक्रमात भाग घेता येणार नाही. खाली चिटणिसांची सही आणि वर पुन्हा तेच मोत्याचं अक्षर. काकूंनीच मला ते कौतुकानं सांगितलं. तुझा भाऊ किती सचोटीचा, घरच्यांनाच आधी बाजूला केलं, असं गावात बोलत होते म्हणे.

मी वडिलांकडे गेले. ते भुसावळहून आले होते, पाय पाण्यात सोडून बसले होते. त्यांना पहिल्यापासून सगळं माहीत होतं. उत्तरं कोण लिहितं ते घरात लपलेलं नव्हतं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुह्यंच बरोबर आहे, बाई. पन तो आता कमावता झाला. तुले तं पुढं दुसऱ्याच्या घरीच जायचं आहे." एवढं बोलून त्यांनी पाय पुसले.

त्यानंतर मी त्यांची कार्डं हातात धरली नाहीत. त्यांची परीक्षा जवळ आली होती. ते बाजेवर एकटेच बसायचे, कार्ड उचलायचे, स्वतःलाच विचारायचे आणि मागची बाजू उलटून पाहायचे. एकदा नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी भांडी घासायला उठून गेले. कशीबशी निभावली त्यांनी ती परीक्षा. मला त्याचं वाईट वाटत नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. वाटतं. पण भावावरचा राग भावावर काढता येत नव्हता, तो कमावता होता.

याहून लाजेची गोष्ट पुढची आहे. चिटणिसांना मोतीबिंदू झाला आणि प्रश्न काढायचं काम भावाकडे आलं. त्याला ते कुठून जमणार? दोन आठवड्यांतच तो माझ्यापुढं येऊन बसला. मी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. मी भाव केला. आठवड्याला चार पुस्तकं, आणि त्यातलं एक कुलपाच्या कपाटातलं. तो लगेच कबूल झाला. म्हणजे त्यानंतर दोन वर्षं अमरावतीतले वकील, डॉक्टर आणि मास्तर ज्या प्रश्नांवर डोकं खाजवत होते, ते मी पोळ्या लाटताना काढलेले होते. यात मला मजा येत होती, हेही सांगून टाकते. पुस्तकांच्या लोभापायी मी तोंडात मूग धरून बसले. आमच्या गरीब घरात लाज परवडत नाही असं मी स्वतःला समजावलं, पण आम्ही काही तितके गरीब नव्हतो.

महाराष्ट्र झाला, त्यानंतर दोन वर्षांनी माझं लग्न झालं. अकोल्याचं स्थळ. नवरा तेलाच्या गिरणीत कारकून, बोलायला कमी, मनानं बरा. त्या घरात माझ्याच नावाची एक जाऊ आधीपासून होती. एका हाकेला दोघी धावतील, म्हणून माझं नाव बदलायचं ठरलं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं आणि बायकांनी ते मोठ्यानं वाचलं. मला ते नीट वाचताच आलं नाही, कारण ताट त्याच्या बाजूनं होतं. मग तांदूळ गोळा केले. निघताना आई रडत म्हणाली, आता तू आमची नाही. सगळ्याच आया म्हणतात.

महिन्याभरात भावाचं कार्ड आलं. सात प्रश्न पाठव. मी उत्तर दिलं नाही. दुसरं आलं, तेही चुलीत घातलं. आता त्याच्याकडून मला एकही पुस्तक नको होतं, म्हणून त्याची भीडही उरली नव्हती. मग त्याचे प्रश्न तोच काढू लागला.

हे मला कळलं ते वडिलांमुळे. एके सोमवारी मला त्यांचं कार्ड आलं. त्यावर खुशाली नव्हती, आशीर्वाद नव्हता. पाटीवरचे सात प्रश्न तेवढे उतरवलेले होते, गाडीच्या हिसक्यांनी वाकड्यातिकड्या झालेल्या अक्षरांत. पुढच्या सोमवारी पुन्हा आलं. त्यांनी का पाठवलं हे त्यांनी लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही. बापानं मुलीची माफी मागायची आमच्याकडे रीत नाही.

वाचनालयाला बाहेरगावचे सभासद चालत. मी फॉर्म मागवला. नवऱ्यानं उलटून पाहिला आणि म्हणाला, "मले यातलं काही समजत नाही. पन तुले पाहिजे नं, मंग कर." आणि त्यानं संमतीच्या जागी सही केली. सेवकांच्या घरच्यांचा तो नियम आता मला लागू नव्हता. मी त्या घरची नाही, हे त्या घरानंच मला सांगितलेलं होतं.

फॉर्मवर मी नाव लिहिलं ते नवं. दुसरं लिहिता आलं नसतं. कार्डावर लिहून उत्तरं पाठवली. पहिल्या आठवड्यात सहा बरोबर आली, दुसऱ्यात पाच. संसारात अभ्यास मोडला होता. मी पुन्हा नेटानं वाचायला लागले. तिसऱ्या आठवड्यानंतर वडिलांचं कार्ड आलं, त्यात नवे प्रश्न नव्हते. एकच ओळ होती, नाव लागले आहे.

मी नवऱ्याला सांगून मंगळवारच्या गाडीनं अमरावतीला आले. आईला वाटलं, सासरी काही बिनसलं. बुधवारी दुपारी काकू मला बरोबर घेऊन निघाल्या. आता पाटी व्हरांड्यात आणली होती, बायकांनाही समोरून दिसायची. माथ्यावर नाव होतं. सौभाग्यवती अमुक, नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं आडनाव, अकोला. प्रत्येक अक्षर घोटीव. माझं अक्षर भावानं ओळखलं नसेल हे शक्य नाही, दीड वर्ष तो तेच उतरवत होता. त्यानं ओळखलं होतं आणि तरी नाव लिहिलं होतं. का लिहिलं ते मला पाटीपुढं उभं राहताच समजलं. या नावाची बाई अमरावतीत कुणाला माहीत नव्हती. हे नाव लिहायला त्याला कसलीच भीती नव्हती.

तो आतून आला. खडूचे हात धोतराला पुसत हळूच म्हणाला, "लागलं नं तुह्यं नाव? आता तं झालं?" आणि पुन्हा आत गेला. बोलायला जागाच त्यानं ठेवली नव्हती.

काकू चष्मा लावून पाटी वाचत होत्या. लग्नातलं नाव माहेरी कोण लक्षात ठेवतं? त्यांनी ते एकेक अक्षर लावत वाचलं आणि माझ्याकडे वळल्या.

"पाह्य वं, पहिलीच बाई लागली पाटीवर. तुह्या अकोल्याची दिसते. ओळखतं का तू तिले?"

"नाही," मी म्हणाले.

"हुशार असन," म्हणत काकू पुस्तक बदलायला खिडकीकडे गेल्या. मी तिथंच उभी राहिले. दोन माणसं आली, नाव वाचून प्रश्न उतरवायला लागली. मग तिकडून काकूंनी मला हाक मारली, माझ्या लहानपणच्या नावानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि त्या दोघांपैकी एकानंही मान वर केली नाही.